घटक ५ : रामचंद्रपंत अमात्य – चरित्र आणि जखिऱ्याचा विचार

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
– रामचंद्रपंत अमात्य यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
– राज्यरक्षणासाठी आवश्यक वस्तूंचा संचय करण्यामागील त्यांची दृष्टी स्पष्ट करता येईल;
– त्यांचा अनुभव आणि आज्ञापत्र हा ग्रंथ यांचा परस्परसंबंध उलगडून दाखवता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जुन्या मराठी गद्याचा अभ्यास करताना बखरी, पत्रव्यवहार आणि चरित्रग्रंथ यांच्याबरोबरच एका वेगळ्या प्रकृतीच्या ग्रंथाचा परिचय आपल्याला करून घ्यावा लागतो. तो ग्रंथ म्हणजे १७१५ मध्ये लिहिला गेलेला आज्ञापत्र. राज्य कसे चालवावे, याचे मराठीतील हे स्वतंत्र विवेचन रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर आहे. ते वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. राजधर्माच्या उदात्त तत्त्वांइतक्याच गांभीर्याने हा लेखक पाण्याची टाकी, दारूची मडकी, तोफेच्या कान्यातील मेण आणि वाळवी यांच्याविषयी बोलतो. राज्याचा अमात्य मडक्यांची चिंता का करतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या चरित्रात आहे.

शत्रूने वाटा अडवल्यावर जी वस्तू मिळणार नाही, ती वाटा मोकळ्या असतानाच साठवून ठेवणे, हा संरक्षणाचा फार जुना नियम आहे. अशा साठ्याला आपल्या भाषेत जखिरा हा शब्द आहे. रामचंद्रपंतांचे सारे आयुष्य जखिरा भरलेला असताना काय होते आणि रिता असताना काय होते, हे पाहण्यात गेले.

५.३ घराणे आणि जडणघडण

रामचंद्रपंतांचे वडील निळो सोनदेव आणि चुलते आबाजी सोनदेव हे दोघेही शिवाजी महाराजांच्या उभारणीच्या काळातील विश्वासू कारभारी होते. कल्याण प्रांत स्वराज्यात आणण्याच्या कामगिरीशी आबाजींचे नाव जोडलेले आहे. निळोपंतांकडे मुजुमदारी, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची तपासणी होती. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा मुजुमदार या फारसी पदनामाऐवजी अमात्य हे संस्कृत नाव रूढ झाले आणि अष्टप्रधानांतील ते पद निळोपंतांच्या घराण्यात राहिले. तरुण रामचंद्रपंत हिशेबाच्या वह्या पाहतच राजकारणात आले, असे म्हणावयास हरकत नाही. ज्याने राज्याचा जमाखर्च पाहिला आहे, त्याला तलवारीमागचा पैसा, पैशामागचे शेत आणि शेतामागचा कुणबी दिसू लागतो. ही दृष्टी पंतांना घरातूनच मिळाली.

शिवाजी महाराजांच्या कारभारात साठ्याचे महत्त्व त्यांनी जवळून पाहिले. १६७१-७२ च्या सुमारास गडांच्या बांधकामासाठी महाराजांनी १,७५,००० होनांची तजवीज केली होती. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे आणि धान्य, दारूगोळा आदी सामानाची नोंद कारखानिसाकडे अशी ही वाटणी होती. एकाच्या हाती सारे राहिले तर साठा कागदावर भरलेला आणि कोठारात रिकामा राहण्याची भीती. म्हणून तिघांचा परस्परांवर पहारा.

याच काळातील महाराजांचे चिपळूणकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी जमवलेली वैरण आणि धान्य आधीच उधळले तर ऐन पावसात घोडी मरतील, आणि मग लष्कर रयतेच्या दाराशी जाईल, असा इशारा त्यात आहे. दिव्याची पेटती वात उंदराने नेली तरी गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्याने त्यात काळजी घेण्यास बजावले आहे. साठ्याला शत्रू बाहेरून येतो तसा तो उंदराच्या रूपाने आतूनही येतो, हा धडा रामचंद्रपंतांच्या पुढील लेखनात जागोजागी उमटलेला दिसतो.

५.४ नाशिक परिसराचा धडा : रामशेज

१६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाले आणि लवकरच औरंगजेब प्रचंड सैन्यानिशी दक्षिणेत उतरला. १६८२ मध्ये मोगल सरदार शहाबुद्दीन खानाने नाशिकच्या उत्तरेस, आजच्या दिंडोरी तालुक्यात असलेल्या रामशेज किल्ल्याला वेढा घातला. साल्हेरसारखी दुर्गम उंची या किल्ल्याला नाही. तरीही तो कित्येक वर्षे झुंजला. मोगलांनी किल्ल्यात मारा करण्यासाठी लाकडी दमदमे उभारले, सेनापती बदलले, पण किल्ला हाती येईना. मोगल इतिहासकार खाफी खान याने नोंदवले आहे की, किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा गडकऱ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडे मढवले आणि त्यांतून मारा केला.

या हकिकतीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. लोखंड नसेल तर लाकूड आणि कातडे वापरता येते. परंतु लाकूड आणि कातडेही आधी गडावर असावे लागते, आणि त्यापासून तोफ घडवणारा कारागीरही. रामशेज अखेर मोगलांकडे गेला तो फितुरीमुळे. कोठारात सर्व काही असले, तरी निष्ठा संपली की गड राहत नाही. साल्हेरही १६८७ मध्ये अशाच रीतीने मोगलांच्या हाती पडला. साहित्याचा जखिरा आणि माणसांचा विश्वास या दोन्हींचे गणित एकत्र मांडल्याखेरीज संरक्षणाचा विचार पुरा होत नाही, हे त्या पिढीच्या कारभाऱ्यांना नाशिक-बागलाणच्या डोंगरांनी शिकवले.

५.५ रिकामा खजिना : १६८९ नंतरचा काळ

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला; येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. छत्रपती राजाराम महाराज पन्हाळ्याहून दूर दक्षिणेत जिंजीला निघून गेले. महाराष्ट्रात उरलेल्या राज्याचा कारभार रामचंद्रपंतांकडे सोपवण्यात आला आणि त्यांना हुकूमतपन्हा हा किताब मिळाला. छत्रपतींच्या अनुपस्थितीत निर्णय घेण्याचा जवळजवळ पूर्ण अधिकार त्यांच्याकडे आला. विशाळगडाच्या आश्रयाने त्यांनी हा कारभार चालवला. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव या कर्त्या माणसांना हाताशी धरून त्यांनी प्रतिकार पुन्हा उभा केला. १६९२ मध्ये परशुराम त्रिंबकांनी पन्हाळा परत घेतला.

परंतु या प्रतिकाराला लागणारा पैसा आणायचा कोठून? शिवाजी महाराजांच्या काळी सैनिकाला खजिन्यातून रोख वेतन मिळे. नवी वतने देण्यास महाराजांचा कटाक्षाने विरोध होता. आता खजिना उरला नव्हता, मुलूख शत्रूच्या टापांखाली होता, आणि मोगल बादशहा मराठा सरदारांना वतनांचे आमिष दाखवून आपल्याकडे ओढत होता. तेव्हा राजाराम महाराजांच्या नावाने वतने, इनामे आणि मोकासे देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. जो मुलूख अजून हाती आलेलाही नव्हता, त्याच्याही सनदा दिल्या गेल्या. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या सनदेत तर थेट दिल्ली घेण्यापर्यंतच्या कामगिरीसाठी देणगीचे आश्वासन आहे.

हे धोरण त्या प्रसंगी यशस्वी ठरले. माणसे परत आली, फौजा उभ्या राहिल्या, औरंगजेबाचे सैन्य गडांच्या मागे वर्षानुवर्षे फिरत राहिले. पण त्याची किंमत काय होती, हे जमाखर्च पाहणाऱ्या अमात्यांना कळत नव्हते असे नाही. शिल्लक संपल्यामुळे राज्याने भविष्यातील उत्पन्न गहाण ठेवले होते. धान्याचा साठा खाल्ला की संपतो. दिलेले वतन मात्र संपत नाही, ते वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते आणि राज्याचा वाटा कमी करीत राहते.

५.६ गडांचे युद्ध

१६९८ च्या आरंभी जिंजी पडली. तत्पूर्वीच राजाराम महाराज तेथून निसटले होते. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले आणि महाराणी ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली. या काळात औरंगजेब स्वतः एकेका गडापुढे जाऊन बसत होता. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे गड एकामागून एक त्याने घेतले. मात्र प्रत्येक गडासाठी त्याला महिने मोजावे लागले.

या युद्धात जखिऱ्याचे महत्त्व दोन्ही बाजूंनी दिसते. गडावर धान्य, पाणी आणि दारू पुरेशी असली, तर मराठे पावसाळा तोंडावर येईपर्यंत झुंज देत. मग तह करून, बहुधा रक्कम घेऊन, गड सोडीत. विशाळगड १७०२ च्या जूनमध्ये असाच सोडला गेला आणि परतीच्या वाटेवर सह्याद्रीच्या पावसाने बादशाही लष्कराचे अपरिमित हाल केले. चारा मिळेना, नद्या उतरता येईनात, जनावरे मेली. गडावरील साठ्याने शत्रूच्या छावणीतील साठा संपवला, असे या युद्धनीतीचे वर्णन करता येईल. पुढे मोगलांची पाठ वळताच यांतील अनेक गड मराठ्यांनी परत मिळवले. १७०७ मध्ये अहमदनगर येथे औरंगजेबाचा मृत्यू झाला, तेव्हा ते राज्य बुडवण्याचा त्याचा हेतू अपुराच राहिला होता.

५.७ आज्ञापत्रातील जखिरा

औरंगजेबानंतर शाहू महाराज कैदेतून सुटून आले आणि सातारा व कोल्हापूर अशी दोन राज्ये झाली. रामचंद्रपंत कोल्हापूरच्या पक्षात राहिले. १७१४ मध्ये ताराबाई व त्यांचे पुत्र यांना बाजूस सारून राजसबाईंचे पुत्र दुसरे संभाजी यांना गादीवर बसवण्यात आले. या घडामोडीत पंतांचा हात होता, असे मानले जाते. शिवाजी महाराजांपासून दुसऱ्या संभाजींपर्यंत पाच छत्रपतींची राजवट पाहिलेल्या या वृद्ध मुत्सद्द्याने पुढील वर्षी तरुण राजाच्या नावे आज्ञापत्र सिद्ध केले.

दुर्ग हे राज्याचे सार आहे, हा या ग्रंथातील विचार सर्वश्रुत आहे. तो कसा अंमलात आणावा, याचे तपशील त्याहून मोलाचे आहेत. त्यांतील काही आपण पाहू.

पाणी : गड बांधण्याआधी पाणी पाहावे, आणि एका झऱ्यावर विसंबू नये. वेढ्याच्या काळी तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून दोनचार टाकी वा तळी जखिऱ्याची म्हणून वेगळी बांधून त्यांतील पाणी एरवी खर्चू देऊ नये. वापराचा साठा आणि संकटाचा साठा वेगळे ठेवावेत, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

धान्य : कोठाराला आग, उंदीर, कीड, मुंगी आणि वाळवी यांचा उपद्रव होऊ नये, अशी जमीन दगड व चुन्याने पक्की करावी.

दारू : दारूखाना घरांजवळ किंवा घरांच्या वाऱ्याखाली नसावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण घालावे, आत तळघर करून माचावर दारूची मडकी ठेवावीत, ओल लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. बंदुकीची दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची होत असे. सोऱ्याला हवेतील ओल लागली की ती निकामी होते. सह्याद्रीच्या पावसात न तपासलेला दारूखाना म्हणजे मातीचा ढीगच.

तोफा : पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण द्यावे, कान्यात मेण भरावे, वर आच्छादन घालावे.

माणसे आणि झाडे : गडावर वैद्य, शस्त्रवैद्य, जखमा बांधणारे, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार असावेत व त्यांच्या कामाचे सामानही असावे. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांपासून लहान फुलझाडांपर्यंत जे लागेल ते झाड गडावर लावावे. प्रसंगी निदान लाकूड म्हणून तरी ते कामी येईल.

या सर्व सूचनांमागे एकच सूत्र आहे. साठा करणे हे एकदाचे काम नव्हे. साठा राखणे हे रोजचे काम आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही दुर्गात तेल, धान्य, मीठ, औषधे, वैरण, सरपण, धातू, कातडी यांचा अनेक वर्षे पुरेल असा संचय करण्यास आणि जुन्याच्या जागी सतत नवे भरण्यास सांगितले आहे. अर्थशास्त्राची संहिता १९०९ मध्ये छापली गेली, तेव्हा कुठे ती आधुनिक अभ्यासकांच्या हाती आली. अमात्यांचे विवेचन मात्र गडावरच्या प्रत्यक्ष अनुभवातून आलेले असल्यामुळे त्यात मडक्याचा आणि मेणाचा वास आहे.

५.८ संचय कोणाच्या जिवावर?

राज्यरक्षणासाठी वस्तू हवी, हे मान्य केल्यावर ती कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न येतो. आरमाराच्या प्रकरणात रामचंद्रपंतांनी तो थेट हाताळला आहे. गलबतांसाठी लाकूड लागते. स्वराज्यातील साग वगैरे झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत. तरीही त्यांना हात लावू नये. कारण ती एका-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने लेकरांप्रमाणे ती वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, आणि प्रजेला पीडा देऊन साधलेले काम टिकत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन मग तोडावे.

समुद्रावर इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि सिद्दी यांच्याशी सामना असताना हे लिहिले गेले आहे. संरक्षणाची निकड खरी असूनही तिला मर्यादा आहे, असे एका अनुभवी प्रधानाने सांगावे, यात या ग्रंथाची थोरवी आहे. सावकारांविषयीही त्यांची भूमिका अशीच आहे. राज्यात न मिळणाऱ्या वस्तू सावकार बाहेरून आणतात आणि संकटात कर्जही देतात. म्हणून त्यांचा सन्मान राखावा. शिसे, तांबे यांसारखे धातू बंदरांवाटे येत असताना व्यापारी हाही जखिऱ्याचाच एक भाग ठरतो. मात्र टोपीकरांना किनाऱ्यावर पक्के ठाणे करू देऊ नये, असा इशारा ते देतात. माल घ्यावा, पण पुरवठा करणाऱ्याच्या मुठीत जाऊ नये.

वतनदारांविषयीचे प्रकरण मात्र वाचताना आपण थबकतो. वतनदार हे जणू लहान राजेच असतात, त्यांना आवर घातला पाहिजे, इनामे सहसा देऊ नयेत, असे पंत निक्षून सांगतात. १६८९ नंतर वतनांच्या सनदा देणाऱ्या कारभाराचे प्रमुख तेच होते. याला केवळ विसंगती म्हणावे का? खजिना रिकामा असताना घेतलेला निर्णय आणि त्याचे परिणाम पाहून काढलेला निष्कर्ष, अशा रीतीने या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात बसतात. शिल्लक नसलेल्या राज्याला आपल्या तत्त्वांची किंमत मोजावी लागते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. आज्ञापत्रातील संचयाचा आग्रह या अनुभवातून आलेला आहे.

५.९ अखेर आणि आजचा संदर्भ

आज्ञापत्र लिहून झाल्यावर पंतांना फार काळ लाभला नाही. १७१६ मध्ये पन्हाळ्यावर त्यांचे निधन झाले. तेथे त्यांची समाधी आहे. त्यांचे वंशज गगनबावड्याच्या जहागिरीवरून बावडेकर म्हणून ओळखले जातात.

साठवायच्या वस्तू काळाप्रमाणे बदलल्या. अमेरिकेने १९३९ मध्ये युद्धोपयोगी कच्च्या मालाच्या साठ्याचा कायदा केला. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये खनिज तेलाच्या राखीव साठ्याची तरतूद केली. भारतानेही विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे भूमिगत खडकात प्रचंड पोकळ्या कोरून ५३.३ लाख टन खनिज तेल साठवण्याची सोय केली आहे. खडकात कोरलेले हे तेलाचे साठे पाहिले की गडावरच्या जखिऱ्याच्या टाक्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नाशिकजवळ ओझर येथे १९६० च्या दशकात लढाऊ विमानांचा कारखाना उभा राहिला. विमानासाठी लागणारे टिटॅनियम किंवा निकेल वेळेवर न मिळाले, तर कुशल कारागीरही हतबल होतो. रामशेजच्या गडकऱ्यांपुढील प्रश्न आणि हा प्रश्न जातीने एकच आहेत.

५.१० समारोप

रामचंद्रपंतांनी रणांगण गाजवल्याच्या कथा फारशा सांगितल्या जात नाहीत. त्यांचे कर्तृत्व कोठारे भरण्यात, माणसे जोडण्यात आणि हिशेब राखण्यात होते. साठा शांततेच्या काळात करावा, तो वरचेवर तपासावा, संकटाचा वाटा वेगळा राखावा, आणि तो रयतेच्या अंगणातील झाड तोडून भरू नये, ही त्यांच्या विचाराची चार अंगे होत. यांपैकी चौथे अंग विसरले तर पहिली तीन निष्फळ होतात, असे त्यांचे आयुष्य आणि त्यांचा ग्रंथ मिळून सांगतात.

शब्दार्थ

जखिरा – संकटकाळासाठी राखून ठेवलेला साठा. दारूखाना – बंदुकीच्या दारूचे कोठार. कारखानीस – गडावरील सामानाची नोंद ठेवणारा अधिकारी. कान्या – तोफेला बत्ती देण्याचे छिद्र. दमदमा – वेढ्यात मारा करण्यासाठी उभारलेला उंच मोर्चा. टोपीकर – युरोपीय व्यापारी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. गडावरील तीन अधिकाऱ्यांमध्ये कामाची वाटणी कशी होती? तिचा साठ्याच्या सुरक्षिततेशी काय संबंध आहे?
२. १६८९ नंतर वतने देण्याचे धोरण का स्वीकारावे लागले? आज्ञापत्रातील वतनविषयक विचाराशी त्याची तुलना करा.
३. आंबा व फणस यांविषयीच्या आज्ञेतून राज्यरक्षण आणि प्रजाहित यांचा कोणता मेळ दिसतो?
४. आपल्या परिसरातील एखाद्या किल्ल्याला भेट देऊन तेथील टाकी, कोठारे आणि दारूखाना यांचे निरीक्षण करा व सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा.